प्रज्ञाचक्षू ऑयलर

थोर गणितज्ञ लेनर्ड ऑयलर याचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल या नगरात झाला. मुलाने आपल्याप्रमाणेच धर्मोपदेशक व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु योहान बेर्नुली या विख्यात गणितज्ञाने त्याची बुद्धी ओळखून वडिलांचे मन वळविले. विसाव्या वर्षी ऑयलर रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत गेला. पुढे १७४१ पासून पंचवीस वर्षे बर्लिनमध्ये काढून १७६६ मध्ये तो तेथेच परतला.

उजव्या डोळ्याची दृष्टी तिशीच्या सुमारासच गेली होती. आता मोतीबिंदूने डावा डोळाही अधू झाला. १७७१ मध्ये शस्त्रक्रियेने थोडे दिवस दिसू लागले, पण तेही टिकले नाही. त्याच वर्षी घराला आग लागली, तेव्हा बाझेलच्याच एका कारागिराने त्याला उचलून बाहेर आणले. अशा माणसाने विसावा घ्यावा, असे कोणासही वाटले असते. ऑयलरने मात्र याच सुमारास एका प्रचंड संख्येचा निकाल लावला.

ती संख्या अशी : एकतीस वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करावा व त्यातून एक वजा करावा. उत्तर येते २,१४,७४,८३,६४७. ही मूळ संख्या आहे काय, म्हणजे एक व ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही काय, हा प्रश्न होता. इटलीतील कातालदी याने १६०३ मध्ये २३, २९, ३१ व ३७ वेळा दोन घेऊन होणाऱ्या अशा चारही संख्या मूळ आहेत, असे लिहिले होते. त्यांपैकी दोहोंबाबतचे म्हणणे फर्माने १६४० मध्ये खोटे ठरविले, तर एकीबाबतचे स्वतः ऑयलरने. उरली होती ती एकतीस दोनांची.

तिच्या वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे सुमारे ४६,३४० पर्यंतच्या, सर्व मूळ संख्यांनी भागून पाहणे हा सरळ मार्ग. पण अशा संख्या चार हजारांहून अधिक! डोळसाचाही धीर सुटावा. ऑयलरने भागाकाराआधी विचार केला. या संख्येस मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, हे त्याने दाखविले. या चाळणीतून तपासण्याजोग्या संख्या फार तर ३७२ राहिल्या. एकीनेही निःशेष भाग गेला नाही. १७७२ मध्ये त्याने हा निर्णय बर्लिनला आपल्या गुरूच्या नातवास पत्राने कळविला.

२८ चे तिच्याहून लहान विभाजक १, २, ४, ७ व १४ यांची बेरीज २८ च येते; अशा संख्येस परिपूर्ण संख्या म्हणतात. ऑयलरच्या संख्येला तीस वेळा दोनाने गुणले की आठवी परिपूर्ण संख्या मिळते. १८६७ पर्यंत, तब्बल ९५ वर्षे, हिच्याहून मोठी मूळ संख्या कोणास ठाऊक नव्हती.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी ऑयलर मृत्यू पावला. त्या दिवशीही नव्याने सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयी त्याने सहकाऱ्यांशी चर्चा केली होती.