तुटलेल्या मज्जातंतूंचा माग काढणारे काहाल

मज्जारज्जू तुटला की पाय कायमचे लुळे पडू शकतात. हातापायाची तुटलेली नस मात्र हळूहळू पुन्हा वाढते. असे का? स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला.

१८५२ साली जन्मलेल्या काहाल यांना चित्रकार व्हायचे होते; वडिलांच्या आग्रहाने ते डॉक्टर झाले. चित्रकलेचा हात पुढे सूक्ष्मदर्शकापाशी कामी आला. मज्जासंस्थेच्या रचनेवरील संशोधनासाठी १९०६ साली त्यांना गॉल्जी यांच्यासह नोबेल मिळाले. मज्जारज्जूतले तुटलेले तंतू वाढू लागतात, पण लवकरच थांबतात, हे त्यांनी प्राण्यांमध्ये पाहिले. १९११ साली त्यांचे शिष्य तेयो यांनी सशाच्या मेंदूत पायाच्या नसेचा तुकडा रोपला, तेव्हा मेंदूतले तंतू त्यात शिरले. म्हणजे वाढण्याची ताकद तंतूंत होती. अनुकूल परिसर मिळत नव्हता.

१९३४ साली काहाल माद्रिदमध्ये वारले. १९८१ साली मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी उंदरांच्या मज्जारज्जूत अशाच रोपणाने तंतू वाढवून दाखवले. माणसासाठी मात्र खात्रीचा उपचार अजून हाती नाही. म्हणून अपघातात मानेला किंवा पाठीला मार लागलेल्याला उठवून बसवू नये. मान-पाठ न वाकवता, सरळ फळीवर घेऊनच रुग्णालयात न्यावे.