गंजपेठेतील घर

पुणे शहरात गंजपेठ नावाची एक जुनी वस्ती आहे. आता तिला महात्मा फुले पेठ असे म्हणतात. तेथील गल्ल्यांतून वाट काढीत गेले म्हणजे एक बैठे, कौलारू घर लागते. शनिवारवाड्यासारखे बुरूज त्याला नाहीत, की सरदाराच्या वाड्याचा थाट नाही. तरीही दूरदूरच्या गावांहून माणसे हे घर पाहावयास येतात. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांचे हे राहते घर होय.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला. घराण्याचे मूळचे आडनाव गोऱ्हे. परंतु फुलांच्या व्यवसायामुळे फुले हेच नाव रूढ झाले. आईचे छत्र बाळपणीच हरपले. वडील गोविंदराव यांनी मुलाला शाळेत घातले, मध्यंतरी काढून घेतले आणि पुन्हा घातले. १८४८ साली जोतीरावांनी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. स्वतः शिकवून तयार केलेली पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवू लागली. मुलींच्या हाती पाटी देणे हे त्या काळी पाप समजत. शाळेस जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण व खडे फेकीत. जातभाईंच्या धाकाने गोविंदराव अखेर हतबल झाले आणि १८४९ साली मुलाला व सुनेला त्यांनी घराबाहेर जावयास सांगितले. जोतीरावांनी घर सोडले. शाळा सोडली नाही. त्या कठीण दिवसांत उस्मान शेख यांनी उभयतांना आसरा दिला. त्याच घरातील फातिमा शेख पुढे सावित्रीबाईंच्या जोडीने मुलींना शिकवू लागल्या.

ज्याला स्वतःच्या घराचे दार बंद झाले, त्याने आपल्या घराचे दार मात्र कधी कोणाला बंद केले नाही. बांधकामाची कंत्राटे घेऊन जोतीराव प्रपंच चालवीत. त्या काळी मुलींची लग्ने अजाण वयात होत. नवरा वारला, की ब्राह्मणादी जातींत त्या मुलीला पुन्हा लग्न करण्याची मनाई असे. एखादी फसली आणि तिला दिवस गेले, तर बदनामीच्या भीतीने ती पोटच्या गोळ्याचा जीव घेई, नाहीतर स्वतःचा. १८६३ साली फुले दांपत्याने अशा स्त्रियांसाठी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. येथे गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, अशी पत्रके त्यांनी शहरात लावली. आलेल्यांची बाळंतपणे सावित्रीबाई मायेने करीत. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. हाच यशवंत, पुढे तो डॉक्टर झाला.

या घराची आणखी एक गोष्ट १८६८ सालची आहे. अस्पृश्य मानलेल्या लोकांना तेव्हा पाणवठ्यास हात लावण्याची बंदी असे. कोणी वरून घागरीत पाणी ओतील, या आशेने त्यांस भर उन्हात ताटकळत उभे राहावे लागे. जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांना खुला करून दिला. समतेवर व्याख्यान देणे त्या मानाने सोपे असते. ज्या हौदाचे पाणी आपण स्वतः पितो त्यात दुसऱ्याची घागर बुडू देणे, हे त्या काळच्या पुण्यात सोपे नव्हते. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन होण्यापूर्वीच त्याचे आचरण या घरात सुरू झाले होते.

१८८८ साली मुंबईत लोकांनी जोतीरावांना महात्मा ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग लुळे पडले. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लेखणी धरली आणि 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक लिहून पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. आपला देह घरामागे मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु राहत्या वस्तीत पुरण्यास नगरपालिकेने परवानगी दिली नाही. याच नगरपालिकेचे ते एके काळी सभासद होते! अखेर दहन करणे भाग पडले. दत्तक मुलाने टिटवे धरू नये म्हणून भाऊबंद अडून बसले, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे घेऊन अंत्ययात्रेपुढे चालल्या. १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने त्यांचाही अंत झाला.

पुढे हे घर दुसऱ्यांच्या हाती गेले. कालांतराने राज्य शासनाने ते ताब्यात घेऊन संरक्षित स्मारक केले. खोल्या लहान आहेत. आठ-दहा मुले एकदम आत शिरली, की दाटी होते. मागील बाजूस जोतीरावांची समाधी आहे. त्यांच्या अस्थी तेथेच ठेवलेल्या आहेत.