हान्स बर्गर : मेंदूच्या लहरी कागदावर उतरवणारे डॉक्टर



छातीत दुखू लागलं की डॉक्टर ईसीजी काढतात, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. तसाच मेंदूचाही आलेख काढतात, त्याला ईईजी म्हणतात. माणसाच्या मेंदूचा असा पहिला आलेख काढणारे शास्त्रज्ञ म्हणजे हान्स बर्गर. आज त्यांच्याविषयी जाणून घेऊया.

बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी जर्मनीतील कोबुर्गजवळच्या नॉयझेस या गावी झाला. वडील डॉक्टर होते. आईचे वडील फ्रीडरिश र्‍यूकर्ट हे नामवंत कवी आणि संस्कृतचे अभ्यासक. नल-दमयंतीची कथा त्यांनी जर्मन भाषेत नेली होती.

हान्सला व्हायचे होते खगोलशास्त्रज्ञ. त्यासाठी येना विद्यापीठात नावही घातले. पण लवकरच शिक्षण सोडून तो वर्षभरासाठी सैन्यात गेला. तिथे सरावात घोडा उधळला आणि हान्स थेट तोफगाड्याच्या वाटेत पडला. गाडा ऐनवेळी थांबला म्हणून तो वाचला. नेमके त्याच दिवशी दूर घरी असलेल्या बहिणीला भावाची काळजी वाटू लागली आणि तिच्या हट्टामुळे वडिलांनी तार केली. एका मनातलं दुसऱ्या मनाला कळतं कसं, हा प्रश्न हान्सच्या डोक्यात पक्का बसला. आकाशातले तारे सोडून तो मेंदूकडे वळला.

१८९७ मध्ये डॉक्टर होऊन बर्गर येनाच्या मनोरुग्णालयात रुजू झाले आणि १९१९ मध्ये तिथले संचालक झाले. मेंदूतला रक्तप्रवाह मोजून बघितला, तापमान मोजून बघितलं; मनासारखं काही हाती लागेना. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅटन यांनी १८७५ मध्येच प्राण्यांच्या मेंदूतील वीज नोंदवली होती. मग माणसाच्या मेंदूतली का नाही? ६ जुलै १९२४ रोजी, एका १७ वर्षांच्या मुलावर शस्त्रक्रिया चालू असताना, बर्गर यांना ती नोंद मिळाली.

ही वीज किती क्षीण असते बघा! एका व्होल्टचे दहा लाख भाग केले, तर त्यातले काही दहा-वीस भाग. एवढ्याशा थरथरीत स्नायूंची हालचाल किंवा रक्तवाहिनीचे ठोके सहज मिसळतात. म्हणून बर्गर यांनी घाई केली नाही. स्वतःच्या आणि आपल्या मुलाच्या, क्लाऊसच्या डोक्यावरूनही नोंदी घेतल्या, पुन्हा पुन्हा तपासल्या आणि पाच वर्षांनी, १९२९ मध्ये पहिला शोधनिबंध छापला. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला सुमारे दहा लहरी उठतात आणि डोळे उघडले की त्या मावळतात, हे त्यांना दिसले. त्यांना त्यांनी अल्फा असे नाव दिले. सुरुवातीला फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दुजोरा दिला, तेव्हा कुठे जगाने दखल घेतली. मनातलं मनाला कसं कळतं, हे कोडं मात्र सुटलं नाही.

आपल्याला याचा काय उपयोग? वर्गात एखादं मूल बोलता बोलता थांबतं, काही सेकंद शून्यात बघतं आणि जणू काही झालंच नाही असं पुढे बोलू लागतं. आपण म्हणतो, लक्ष नाही! पण हा अपस्माराचा एक प्रकार असू शकतो. त्या क्षणी ईईजीवर सेकंदाला सुमारे तीन टोकदार लहरी दिसतात. चाचणी दुखत नाही. डोक्याला वीज दिली जात नाही, फक्त मोजली जाते. अतिदक्षता विभागातल्या बेशुद्ध रुग्णाला बाहेरून न दिसणारे झटके येत असतील, तर तेही यातून कळतात. मात्र दोन झटक्यांच्या मधला आलेख कधी अगदी नॉर्मल येतो, म्हणून डॉक्टर आलेखाबरोबर तुम्ही पाहिलेलं वर्णनही विचारतात. ते नीट लिहून ठेवा. आणि हो, ईईजीवरून विचार वाचता येत नाहीत, मुलाची हुशारीही ठरत नाही.

बर्गर यांच्या आयुष्याची काळी बाजू सांगितल्याशिवाय हा लेख पूर्ण होणार नाही. नाझी राजवटीत सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. कुणाला मूल होऊ द्यायचं नाही, याचा निकाल देणाऱ्या येनाच्या न्यायालयात बर्गर सदस्य होते. त्या कायद्यातल्या आजारांच्या यादीत अपस्मारही होता. ज्या रुग्णांना त्यांच्या शोधाचा सर्वांत मोठा आधार मिळणार होता, तेच हे रुग्ण! १९३८ मध्ये बर्गर निवृत्त झाले. पुढे नैराश्याने ग्रासले आणि १ जून १९४१ रोजी त्यांनी आपले जीवन संपवले.

मुलांना बर्गर यांची गोष्ट सांगाल, तेव्हा पाच वर्षांची चिकाटी जरूर सांगा. मोठ्या वर्गांना ते न्यायालयही सांगा. माणसाचा आजार ओळखणं वेगळं आणि त्या आजारावरून माणसाची किंमत ठरवणं वेगळं, हे मुलांना शाळेतच कळलेलं बरं.