विश्लेषण : अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्याने बनवला पहिला यशस्वी स्वयंचलित स्विच, कोण होते अल्मन स्ट्रोजर?

डहाणूतील चिकू बागायतदार असो की तलासरीत महामार्गालगत दुकान चालवणारा व्यापारी, मोबाइलवर नंबर दाबला की काही सेकंदांत पलीकडे रिंग वाजते. मध्ये कोणी माणूस नसतो. आज तर जुन्या डेस्कटॉपमध्ये लॅन कार्डे बसवून घरीच वेगवान नेटवर्क स्विच तयार करता येतो. पण माणसाच्या मदतीशिवाय जोडणी करणाऱ्या यंत्राची ही वाट सुमारे १३५ वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका वैतागलेल्या व्यावसायिकाने दाखवली. त्याचे नाव अल्मन स्ट्रोजर.

कोण होते स्ट्रोजर?

स्ट्रोजर यांचा जन्म १८३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पेनफिल्ड येथे झाला. अमेरिकेच्या यादवी युद्धात ते घोडदळात होते. नंतर त्यांनी काही काळ शाळेत शिकवले आणि पुढे अंत्यसंस्कारांची व्यवस्था करण्याचा व्यवसाय सुरू केला. या व्यवसायामुळे ते कॅन्सस सिटीत आले. इंजिनीअरिंगचे शिक्षण नाही, प्रयोगशाळा नाही, टेलिफोन कंपनीशी संबंध नाही. एवढ्या भांडवलावर त्यांनी टेलिफोनचे जग बदलले.

ऑपरेटरवर राग कशासाठी?

त्या काळी फोन उचलला की आधी ऑपरेटर बोलायची. कोणाशी बोलायचे ते तिला सांगायचे आणि ती हाताने वायर जोडून द्यायची. म्हणजे गावातला प्रत्येक कॉल एका व्यक्तीच्या मर्जीवर होता. स्ट्रोजर यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या नात्यातील स्त्री ऑपरेटर होती आणि ती त्यांचे ग्राहक तिकडे वळवत होती, असा किस्सा सांगितला जातो. दुसऱ्या कथेनुसार दोष ऑपरेटरचा नव्हताच. दुकानाची धातूची पाटी वाऱ्याने हलून वायरला लागायची आणि फोन बंद पडायचा. खरे कारण कोणतेही असो, स्ट्रोजर यांनी मधला माणूसच काढून टाकायचे ठरवले.

हा स्विच कसा चालायचा?

पहिले मॉडेल त्यांनी कॉलर ठेवण्याच्या गोल डब्यात टाचण्या टोचून केले, असे म्हणतात. प्रत्येक टाचणी म्हणजे एक ग्राहक. मधला दांडा फिरून हव्या त्या टाचणीला टेकला की जोडणी पूर्ण. १८८९ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १० मार्च १८९१ रोजी पेटंट मिळाले.

पुढे विकसित झालेल्या रूपात हा दांडा आधी वर चढायचा आणि मग आडवा फिरायचा. समजा ५७ नंबर हवा आहे. पाच विद्युत झटके आले की दांडा पाच पायऱ्या वर जाणार, नंतरच्या सात झटक्यांनी सात घरे फिरणार. दहा पायऱ्या आणि प्रत्येकीवर दहा घरे, म्हणजे एका स्विचवर १०० ग्राहक. असे स्विच एकापुढे एक जोडले की हजारो ग्राहक सामावत.

पहिले एक्स्चेंज कुठे सुरू झाले?

३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना राज्यातील ला पोर्ट गावात, सुमारे ७५ ग्राहकांसह. सुरुवातीच्या फोनना डायल नव्हती. बटण मोजून दाबावे लागे. गोल फिरणारी डायल १८९६ मध्ये त्यांच्याच कंपनीच्या तंत्रज्ञांनी आणली.

स्ट्रोजर यांना काय मिळाले?

फारसे नाही. १८९६ मध्ये त्यांनी पेटंट १,८०० डॉलरना आणि १८९८ मध्ये कंपनीतील वाटा १०,००० डॉलरना विकल्याची नोंद आढळते. १९०२ मध्ये फ्लोरिडात त्यांचे निधन झाले. १९१६ मध्ये बेल कंपनीने याच पेटंटसाठी २५ लाख डॉलर मोजल्याचे सांगतात. दुसरी बाजूही आहे : या यंत्राने ग्राहकाला मोकळे केले, पण ऑपरेटर म्हणून काम करणाऱ्या असंख्य स्त्रियांच्या नोकऱ्याही हळूहळू गेल्या.

भारतात काय झाले?

मुंबईत १८८२ मध्ये टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले, तेही हाताने वायर जोडण्याचेच. देशातील पहिले स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ मध्ये सिमल्यात आले. लहान गावांना मात्र पुढची कित्येक दशके ट्रंक कॉल बुक करून ताटकळावे लागले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने १२८ लाइनचे ग्रामीण एक्स्चेंज विकसित केले. एसीशिवाय, उन्हातान्हात चालणाऱ्या या देशी स्विचमुळे खेड्यांत थेट डायलिंग पोहोचले.

कॉम्प्युटरचा स्विच कसा होतो?

तत्त्व तेच, फक्त दांड्याची जागा सॉफ्टवेअरने घेतली. जुन्या कॉम्प्युटरमध्ये तीन-चार लॅन कार्डे बसवायची आणि लिनक्समधील ‘ब्रिज’ सुविधेने ती जोडायची. कोणत्या पोर्टवर कोणते उपकरण आहे, याचा तक्ता कॉम्प्युटर स्वतः तयार करतो. आलेले पॅकेट तक्ता पाहून नेमक्या पोर्टवर पाठवले जाते. पत्ता माहीत नसेल तर ते बाकी सगळ्या पोर्टवर जाते.

खरी परीक्षा वेगाची. एक गिगाबिटच्या लाइनवर सर्वांत लहान पॅकेट सेकंदाला १४ लाख ८८ हजारांपर्यंत येऊ शकतात. दहा गिगाबिटवर दहापट. तेव्हा एका पॅकेटसाठी अवघे ६७ नॅनोसेकंद मिळतात. बाजारातील स्विचमध्ये यासाठी खास चिप असते, तर कॉम्प्युटरचा प्रोसेसर इथे दमतो. शाळेच्या संगणक कक्षासाठी मात्र एवढा ताण येत नाही. वीज जास्त लागते, हा तोटा. शिवाय चुकून दोन स्विच दोन केबलने जोडले गेले तर पॅकेट गोल गोल फिरून नेटवर्क ठप्प होते. म्हणून ‘स्पॅनिंग ट्री’ ही सेटिंग सुरू ठेवावी.

आज याचे महत्त्व काय?

डहाणू-तलासरी परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसले आहेत. अशा वेळी प्रत्येक घरातून एकाच क्षणी फोन लावला जातो. सगळे एकदम बोलणार नाहीत, हे गृहीत धरूनच स्ट्रोजरच्या एक्स्चेंजपासून आजच्या टॉवरपर्यंत क्षमता ठरवली जाते. त्यामुळे धक्का बसल्यावर लांब कॉलऐवजी छोटा मेसेज पाठवला तर लाइन इतरांनाही मोकळी राहते. कोणाचा कॉल लागणार हे एका माणसाच्या हाती नसावे, हा स्ट्रोजर यांचा हट्ट होता. तो कॉल गर्दीतही लागावा, हे काम अजून चालूच आहे.