मेंदूच्या लहरी टिपणारे हान्स बर्गर

डोक्याला तारा चिकटवून काढलेला ‘ईईजी’ हा आलेख आज शहरातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयात निघतो. माणसाच्या मेंदूचा असा आलेख प्रथम काढणारे जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांना मात्र शोधायचे होते ते वेगळेच.

२१ मे १८७३ रोजी कोबुर्गजवळच्या नॉयझेस या गावी त्यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर, तर आईचे वडील फ्रीडरिश रूकर्ट हे नामवंत कवी. नल-दमयंतीची कथा आणि ‘गीतगोविंद’ जर्मन भाषेत नेणारे हेच ते रूकर्ट. नातवाचा ओढा मात्र आकाशाकडे होता. खगोलशास्त्रज्ञ व्हायचे म्हणून ते येना विद्यापीठात गणित शिकू लागले. पण लवकरच अभ्यास सोडून वर्षभरासाठी लष्करात दाखल झाले. तेथे कवायतीत घोडा उधळला, ते तोफगाड्यासमोर पडले आणि थोडक्यात बचावले. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या बहिणीला भाऊ संकटात असल्याची हुरहूर लागली व तिच्या आग्रहावरून वडिलांनी खुशाली विचारणारी तार पाठविली. हा निव्वळ योगायोग मानण्यास बर्गर तयार नव्हते. मनाची काही ऊर्जा असते आणि ती मोजता येईल, या ध्यासाने ते वैद्यकाकडे वळले.

१८९७ पासून त्यांचे सारे आयुष्य येनाच्या मनोरुग्णालयात गेले. १९१९ मध्ये ते तेथील संचालक झाले. मेंदूतील रक्ताभिसरण मोजून पाहिले, तापमान मोजून पाहिले. हाती फारसे काही लागले नाही. प्राण्यांच्या मेंदूतील विद्युत्प्रवाह रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्येच दाखविला होता. अखेर ६ जुलै १९२४ रोजी, शस्त्रक्रियेमुळे कवटीचा काही भाग उरला नव्हता अशा एका १७ वर्षांच्या मुलाच्या मेंदूतील क्षीण लहरी बर्गर यांच्या उपकरणाने टिपल्या. तरी ही नोंद यंत्राची वा स्नायूंची करामत नाही ना, या शंकेने त्यांनी पाच वर्षे काहीच प्रसिद्ध केले नाही. या काळात स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरूनही त्यांनी असंख्य नोंदी घेतल्या.

१९२९ च्या पहिल्या निबंधाची फारशी कोणी दखल घेतली नाही. वस्तुतः त्यांच्या निरीक्षणांचे मोल मोठे होते. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला सुमारे १० लहरी उठतात. डोळे उघडले किंवा मनात हिशेब सुरू केला की त्या मावळतात. मन कामाला लागल्याची खूण कागदावर उमटली होती! १९३४ मध्ये केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांनी या लहरींना दुजोरा दिल्यावर जगाला जाग आली. मनाची ऊर्जा मात्र सापडली नाही. एका व्होल्टच्या काही कोट्यंश नव्हे, तरी दशलक्षांश भागांत मोजावा लागणारा हा प्रवाह दुसऱ्याच्या मनापर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते.

या शोधाचा मोठा लाभ झाला तो अपस्माराच्या रुग्णांना. झटक्याच्या वेळी मेंदूत उठणारे विशिष्ट तरंग १९३५ मध्ये हार्वर्डमधील संशोधकांनी दाखवून दिले. पण नाझी राजवटीच्या १९३३ च्या सक्तीच्या निर्बीजीकरण कायद्यात आनुवंशिक अपस्माराचाही समावेश होता, आणि त्या कायद्याखालील प्रकरणे चालविणाऱ्या येनाच्या न्यायालयात स्वतः बर्गर बसत असत.

१९३८ मध्ये ते निवृत्त झाले. पुढे तीव्र नैराश्याने ग्रासलेल्या बर्गर यांनी १ जून १९४१ रोजी आत्महत्या केली. त्यानंतर कित्येक वर्षे त्यांची गणना नाझी राजवटीच्या बळींत होत राहिली. न्यायालयातील त्यांचा सहभाग जुनी कागदपत्रे तपासल्यावर उजेडात आला.