उपदेशपीठावरून मैदानाकडे

पाळक होण्यासाठी सेमिनरीत गेलेला तरुण मध्येच परत आला, की मंडळीत कुजबूज सुरू होते. कुणी म्हणते अभ्यास झेपला नाही, कुणी म्हणते पाचारणच नव्हते. अशा काही तरुणांना आम्ही जवळून ओळखतो. त्यांची आठवण ठेवूनच अमेरिकेतील फुटबॉलचे प्रशिक्षक अ‍ॅमॉस अलोन्झो स्टॅग यांची हकीकत वाचकांपुढे मांडत आहोत.

त्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे, जोडे शिवणाऱ्या एका गरीब कारागिराच्या घरी झाला. शिक्षणासाठी त्यांनी फार हाल सोसले. कडाक्याच्या थंडीत शेगडी नसलेल्या माळ्यावर राहून, कधी नुसत्या बिस्किटांवर दिवस काढून ते येल विद्यापीठापर्यंत पोहोचले. बेसबॉलमध्ये चेंडू फेकण्यात त्यांचा हातखंडा होता. व्यावसायिक संघांनी पैशाची मोठी लालूच दाखवली, पण त्या मैदानांवर दारूचे गुत्ते चालत. स्टॅग यांनी नकार दिला. त्यांना सुवार्तेची सेवा करायची होती. पदवीनंतर ते येलमध्येच ईश्वरविज्ञान शिकू लागले.

आणि तिथे गाडी अडली. मैदानावर हजारोंसमोर न डगमगणारा हा गडी उपदेशाला उभा राहिला की अडखळे. आपण चांगले उपदेशक होणार नाही हे त्यांनी स्वतःच ओळखले आणि तो अभ्यास सोडला. आम्हीही कित्येक वर्षे उपदेश करतो. घशाला कोरड पडणे म्हणजे काय ते आम्हांला विचारा! पण अडखळणे निराळे आणि वाट बदलण्याचे धैर्य निराळे.

१८९० मध्ये ते स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेत गेले. तिथे जेम्स नेस्मिथ होते. तेही ईश्वरविज्ञान शिकून खेळांकडे वळलेले. त्यांनी १८९१ च्या डिसेंबरात बास्केटबॉलचा खेळ शोधून काढला. ११ मार्च १८९२ रोजी त्याचा पहिला जाहीर सामना शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा झाला. विद्यार्थी ५-१ ने जिंकले. शिक्षकांचा तो एकुलता एक गोल स्टॅग यांचा!

त्याच वर्षी नव्या शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी त्यांना बोलावले. येलमध्ये स्टॅग याच हार्परांकडे पवित्र शास्त्र शिकले होते. खेळ शिकवणाऱ्या माणसाला प्राध्यापकवर्गात स्थान मिळणे ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. (हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. चेंडू लंबगोल, तो हातात धरून पळायचे आणि समोरच्याने झेप घेऊन पाडायचे.) शिकागोत ते ४१ हंगाम राहिले. १९०५ मध्ये त्यांच्या संघाने मिशिगनला २-० ने हरवले, तेव्हा ५६ सामने अपराजित राहिलेल्या त्या संघाची घोडदौड थांबली. स्टॅग दारू-तंबाखूला शिवत नसत, शिवीही देत नसत. फार संतापले तर खेळाडूला गाढव म्हणत, आणि फारच झाले तर दुप्पट गाढव.

पण सगळेच उजळ नव्हते. त्यांच्या काळात सामन्यांना अफाट गर्दी होऊ लागली, पैसा आला. खेळाडूंना अभ्यासात सवलती मिळत, असे पुढे इतिहासकारांनी दाखवले आहे. व्यावसायिक फुटबॉलविरुद्ध १९२३ मध्ये जाहीर पत्र लिहिणाऱ्या या माणसाला स्वतःच्या अंगणातले तण दिसले नसावे, असे आम्हांला वाटते.

१९३२ मध्ये सत्तरी झाली आणि विद्यापीठाने नियमावर बोट ठेवून त्यांना प्रशिक्षकपदावरून दूर केले. दुसरे, आरामाचे पद देऊ केले. स्टॅग यांनी ते घेतले नाही. पत्नी स्टेला यांना घेऊन ते दोन हजार मैलांवर, कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे मेथडिस्टांनी स्थापलेल्या पॅसिफिक कॉलेजात गेले आणि १९३३ पासून लहानशा संघाला शिकवू लागले.

१९३८ मध्ये हाच संघ घेऊन ते शिकागोला आले. मैदानाला अजून त्यांचेच नाव होते. पॅसिफिकने शिकागोला ३२-० ने हरवले. चाळीस वर्षे ज्यांचे होऊन राहिलो त्यांनाच असे हरवण्याचा आनंद निखळ नसावा. पुढच्याच वर्षी शिकागोने फुटबॉल बंद केला. त्या ओस पडलेल्या मैदानाच्या प्रेक्षागारांखाली २ डिसेंबर १९४२ रोजी शास्त्रज्ञांनी पहिली नियंत्रित अणु-शृंखलाक्रिया घडवून आणली. स्टॅग मात्र स्टॉकटनला मुलांना चेंडू कसा धरायचा ते दाखवत होते. १९४३ मध्ये, ८१ व्या वर्षी, देशभरातील प्रशिक्षकांनी त्यांना वर्षाचे उत्कृष्ट प्रशिक्षक ठरवले.

१९४६ च्या हंगामानंतर पॅसिफिकही सुटले. तेव्हा ते पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहाना येथे आपल्या मुलाच्या जोडीने शिकवू लागले, आणि १९५२ पर्यंत ते काम केले. त्यांच्या नावावरचे ३१४ विजय १९८१ पर्यंत कुणी ओलांडले नव्हते. त्या विजयांत स्टेलाबाईंचाही वाटा होता. १८९४ पासूनच्या या सहचारिणी प्रेक्षागारात वही घेऊन बसत आणि प्रतिस्पर्ध्यांच्या चाली कागदावर उतरवून नवऱ्याला देत. त्यांची प्रकृती ढासळली तेव्हा स्टॅग यांनी दूरचे काम सोडले आणि स्टॉकटनलाच राहून नव्वदीनंतरही तिथल्या ज्युनिअर कॉलेजातील मुलांना चेंडूला लाथ कशी मारायची ते शिकवले. स्टेलाबाई १९६४ मध्ये गेल्या. १७ मार्च १९६५ रोजी, १०२ वर्षांचे असताना, स्टॅगही त्याच गावी प्रभूच्या विसाव्यात गेले.