स्वामी रामानंद तीर्थ : राजसत्तेला आव्हान देणारा संन्यासी शिक्षक

देश स्वातंत्र्याचा पहिला दिवस साजरा करीत असताना, १५ ऑगस्ट १९४७ रोजी, मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिरंगा फडकविणे हा तेथे गुन्हा होता. बीड, परभणी, नांदेड, औरंगाबाद आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांना स्वातंत्र्यासाठी आणखी तेरा महिने वाट पाहावी लागली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या सैन्याने शरणागती पत्करली आणि सव्वादोनशे वर्षांची आसफजाही राजवट संपली. या लढ्याचे नेतृत्व ज्यांनी केले, ते स्वामी रामानंद तीर्थ एकेकाळी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे शाळेत शिकवीत होते. लष्करी कारवाई जेमतेम पाच दिवस चालली. पण जनतेच्या मनातून राजसत्तेचा धाक उतरविण्यास दहा वर्षे लागली. स्वामीजींच्या जीवनाचा गाभा त्या दहा वर्षांत आहे.

त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. सोलापुरात शिकत असताना ते राष्ट्रीय चळवळीकडे ओढले गेले. १९२० मध्ये लोकमान्य टिळकांचे निधन झाले, तेव्हा सतरा वर्षांच्याही आतील या विद्यार्थ्याने आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला. पुढे असहकाराच्या लाटेत त्यांनी सरकारी शिक्षण सोडले आणि अमळनेर व पुणे येथील राष्ट्रीय शिक्षणसंस्थांत अभ्यास पूर्ण केला. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचे ते पदवीधर. त्यानंतर कामगार नेते ना. म. जोशी यांचे सचिव म्हणून त्यांनी काम केले. गिरणी कामगारांचे प्रश्न, संघटनेची रीत आणि सनदशीर लढ्याच्या मर्यादा यांचा परिचय त्यांना तेथेच झाला.

१९२९ च्या सुमारास ते उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा येथे आले. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी १९२१ मध्ये स्थापन केलेल्या तेथील राष्ट्रीय शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. या शाळेत असतानाच, तिसाव्या दशकाच्या आरंभी, त्यांनी संन्यासदीक्षा घेतली. स्वामी रामतीर्थांच्या परंपरेतील ही दीक्षा होती. भगवी वस्त्रे धारण केली तरी मठ किंवा अरण्य त्यांनी जवळ केले नाही. खडू आणि फळा हीच त्यांची साधने राहिली.

ज्या राज्यात हा संन्यासी शिकवीत होता, त्याचे स्वरूप लक्षात घेतल्याशिवाय पुढील संघर्षाचा अर्थ उमगत नाही. हैदराबाद हे भारतातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक होते. १९४१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती. जिल्हे सोळा, त्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी. १९११ मध्ये गादीवर आलेला सातवा निजाम मीर उस्मान अली खान हा त्या काळी जगातील अतिश्रीमंत व्यक्तींमध्ये गणला जाई. राज्यातील सुमारे चाळीस टक्के भूभाग जहागिरी आणि निजामाची खाजगी मालमत्ता असलेल्या सर्फ-ए-खासमध्ये मोडत असे. जहागिरीतील रयतेला सारा, नजराणे आणि वेठबिगार यांतून सुटका नव्हती. खालसा मुलखातही देशमुख-देशपांडे आणि सावकार यांचा वरचष्मा होता. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग केला खरा. परंतु ती भाषा बहुसंख्य प्रजेची नव्हती. सभा घ्यायची तर पूर्वपरवानगी हवी, असा ५३ क्रमांकाचा गश्ती हुकूम होता. खासगी शाळांवरही करडी नजर असे.

अशा राज्यात मराठी शाळा चालविणे हेच राजकीय कार्य ठरत होते. औरंगाबादची सरस्वती भुवन, गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी शिक्षण संस्था यांतून पुढे मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते मोठ्या संख्येने निघाले, हा योगायोग नव्हे.

१९३५ मध्ये स्वामीजी अंबाजोगाईस आले. मुकुंदराज आणि दासोपंतांच्या समाधींचे हे गाव तेव्हा सरकारी दप्तरात मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई आणि हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी म्हणून त्याचा लौकिक होता. योगेश्वरी शाळेत स्वामीजींसोबत बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी होते. एकीकडे वर्गातील अध्यापन आणि दुसरीकडे आसपासच्या खेड्यांतील भ्रमण, असा तेथील क्रम होता. बीड जिल्ह्यातील कोरडवाहू शेती, कर्जात बुडालेला कुणबी आणि गावकुसाबाहेरचा दलित यांचे जगणे त्यांनी या काळात जवळून पाहिले. शिक्षणाने माणूस जागा होतो; परंतु जागा झालेल्या माणसाला बोलण्याचे आणि संघटित होण्याचे स्वातंत्र्य नसेल तर शाळेची भिंत हीच शिक्षणाची सीमा ठरते, या निष्कर्षाप्रत ते येत गेले.

१९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. मराठवाड्यातील सुशिक्षितांचे हे पहिले मोठे राजकीय व्यासपीठ. मागण्या सौम्य होत्या. निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती मिळावी, एवढीच अपेक्षा होती. १९३८ च्या लातूर अधिवेशनापर्यंत मात्र वारे बदलले. मवाळ मंडळी अर्जविनंत्यांवर विसंबून होती, तर तरुणांना प्रत्यक्ष कृती हवी होती. त्या तरुणांना स्वामीजींच्या रूपाने नेता मिळाला. त्याच वर्षी त्यांनी अंबाजोगाईची शाळा सोडली आणि हैदराबाद गाठले.

तेथे हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याची तयारी चालू होती. संस्था रीतसर जन्माला येण्यापूर्वीच सप्टेंबर १९३८ मध्ये निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीचे नेतृत्व गोविंदराव नानल यांनी केले. त्यापाठोपाठ काही दिवसांतच स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून सत्याग्रही येऊ लागले. उस्मानिया विद्यापीठात वंदे मातरम् म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, तेही याच काळात. त्यांतील अनेकांनी नागपूर विद्यापीठात शिक्षण पूर्ण केले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकी एक.

डिसेंबर १९३८ मध्ये, लढा जोर धरत असतानाच, गांधीजींच्या सल्ल्यानुसार स्टेट काँग्रेसने सत्याग्रह स्थगित केला. आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह तेव्हा हैदराबादेत चालू होते. राजा मुसलमान आणि बहुसंख्य प्रजा हिंदू, अशा राज्यात लोकशाहीच्या लढ्याला धार्मिक झगड्याचा रंग चढणे सोपे होते. त्यातून नेता भगवी वस्त्रे घालणारा. आपला विरोध निजामाच्या धर्माशी नसून सरंजामी राज्यपद्धतीशी आहे, ही भूमिका स्वामीजींना म्हणूनच वारंवार मांडावी लागली. सत्याग्रह मागे घेतल्याने अनेक कार्यकर्ते नाराज झाले, लढ्याची गती खंडित झाली. तरी या भूमिकेपासून ते ढळले नाहीत.

१९४० मध्ये त्यांनी वैयक्तिक सत्याग्रह करून पुन्हा कारावास पत्करला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या ऐतिहासिक अधिवेशनाहून परतताच त्यांना अटक झाली. १९४६ मध्ये अखेर स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली. आता संघटनेअंतर्गत संघर्ष उफाळून आला. बुरगुल रामकृष्ण राव यांचा गट वाटाघाटींना अनुकूल होता, तर स्वामीजी आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे त्यांचे सहकारी शेतकरी-कामगारांना सोबत घेऊन निर्णायक लढा द्यावा, या मताचे होते. याच सुमारास तेलंगणात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली देशमुखांविरुद्ध शेतकऱ्यांचा सशस्त्र उठाव पेटला होता. जमिनीचा प्रश्न बाजूला ठेवून केवळ विधिमंडळातील जागांची चर्चा करता येणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. १९४७ मध्ये अल्प मताधिक्याने स्वामीजी अध्यक्षपदी निवडून आले.

जून १९४७ मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. त्याच महिन्यात स्टेट काँग्रेसच्या अधिवेशनाने भारतात विलीन होण्याची मागणी केली. १५ ऑगस्टच्या पहाटे स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरअखेर भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार होऊन त्यांची सुटका झाली; परंतु जानेवारी १९४८ मध्ये ते पुन्हा तुरुंगात गेले, ते संस्थान मुक्त होईपर्यंत. बाहेर दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने सूत्रे हाती घेतली. सरहद्दीवर छावण्या उभ्या राहिल्या, शिंदीची झाडे तोडून सरकारचे अबकारी उत्पन्न बुडविण्यात आले, धान्याची लेव्ही नाकारण्यात आली. गांधीजींच्या अहिंसेवर श्रद्धा असलेल्या स्वामीजींच्या संघटनेत शस्त्रांचा वापरही झाला. दुसऱ्या बाजूला लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांनी गावेच्या गावे लुटली. निजामशाहीवर टीका करणारे इमरोज दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली. लोकशाहीच्या बाजूने उभे राहिलेले मुसलमानही या लढ्यात बळी गेले, हे विसरता येत नाही.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामशाही संपली. मात्र त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यासह अनेक भागांत निरपराध मुसलमानांचे हत्याकांड झाले. भारत सरकारच्या सूचनेवरून पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांची संख्या किमान २७ ते ४० हजार असल्याचा अंदाज व्यक्त केला. फार हानी झालेल्या आठ जिल्ह्यांत बीडचा समावेश होता. हा अहवाल स्वामीजींच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. ज्या लढ्याला धार्मिक रंग चढू नये म्हणून १९३८ मध्ये सत्याग्रह थांबविला गेला, त्याच्या शेवटाला हा डाग लागला.

राजसत्तेचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. १९५० मध्ये कूळकायदा आला. परंतु २६ जानेवारी १९५० पासून निजाम त्याच राज्याचा राजप्रमुख झाला आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिला. रयतेने उलथविलेल्या राजाला राज्यघटनेच्या आधाराने मिळालेला हा मान स्वामीजींना रुचला नाही. बहुभाषिक हैदराबाद राज्याचे विसर्जन करून मराठी, तेलुगू आणि कानडी भाग आपापल्या भाषक राज्यांत जावेत, असा आग्रह त्यांनी धरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते घडले आणि राजप्रमुखपदही इतिहासजमा झाले.

स्वामीजी १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून लोकसभेवर निवडून गेले; परंतु मंत्रिपदाच्या वाटेला ते गेले नाहीत. खादी, भूदान आणि शिक्षणसंस्था यांत ते रमले. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवल्या. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. हैदराबादेतील बेगमपेठ येथे त्यांची समाधी आहे. नांदेडचे विद्यापीठ, अंबाजोगाईचे महाविद्यालय आणि तेथील ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय त्यांचे नाव धारण करतात.

ज्या बीड जिल्ह्याने त्यांना शिक्षकाचा राजकीय नेता होताना पाहिले, तेथील लाखो माणसे आजही दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीसाठी घर सोडतात. त्यांच्या मुलांची शाळा हंगामापुरती सुटते. राजा गेला, जहागीरदार गेले. पण ज्या प्रश्नाने एका संन्याशाला वर्गाबाहेर काढले, तो प्रश्न बीडच्या वाड्या-वस्त्यांवर वेगळ्या रूपात शिल्लक आहे.